चिनी कागदावरची जपानी साळुंकी

दुबईहून परतलेल्या माणसाला आमच्या सांगलीत पहिला प्रश्न विचारतात तो सोन्याचा. मी सोनं आणलं नाही. मी आणली एक सुती साडी, जी अजून नीट धुऊन निघालेली नाही, आणि साळुंकी या पक्ष्याबद्दलची इतकी माहिती, की शेजारच्या बायका हल्ली मला पाहिलं की गॅसवर दूध ठेवल्याचं आठवून घरात पळतात. तेव्हा जे अजून तिकडे गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी सगळं एकदाच लिहून काढते. उंच इमारतींचं वर्णन यात नाही. त्या मी गाडीच्या काचेतून पाहिल्या आणि माझी मान अवघडली.

मी गेले दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत. त्या वर्षी सगळं जग दुबईतून परत येत होतं आणि मी एकटी तिकडे निघाले होते. विमानात माझ्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून मी पाय वर घेऊन मांडी घातली आणि शेंगदाण्याची चटणी लावून आणलेली भाकरी खाल्ली. मंदीचे असेही फायदे असतात.

फ्रान्समध्ये मुक्काम

माझी धाकटी बहीण वसुधा, म्हणजे वसू, इंटरनॅशनल सिटी नावाच्या वसाहतीत राहते. तिथे इमारतींच्या गटांना देशांची नावं दिली आहेत. वसू फ्रान्समध्ये राहते, कपडे इस्त्रीला इंग्लंडमध्ये टाकते आणि कोथिंबिरीसाठी पर्शियात जाते. पहिल्याच संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन लावला आणि फोन ठेवून मला म्हणाली, "श्रीरंग रशियात अडकलाय, पार्किंग मिळत नाहीये." मी दोन मिनिटं खरोखर काळजीत होते.

गॅलरीसमोर एक अर्धवट इमारत होती आणि तिच्यावर एक क्रेन मान वाकडी करून उभी होती. ती मी असेपर्यंत एकदाही हलली नाही. तिच्या टोकावर साळुंक्यांच्या जोडीने संसार थाटला होता. श्रीरंगराव एका बांधकाम कंपनीत हिशेब बघतात. त्यांना मी विचारलं, "नोकरीचं कसं काय?" ते म्हणाले, "आज तरी आहे ताई. उद्याचं इन्शाल्ला." आणि त्यांनी आणखी एक पोळी घेतली. घरातली ही एवढीच मंदीची चर्चा. वसूचं लक्ष त्यात नव्हतंच. तिचं लक्ष दोन शनिवारांवर होतं.

ते का, ते सांगायला हवं. पुण्यात वसू बँकेत होती. काउंटरवर तिच्या नावाची पाटी होती आणि म्हातारे पेन्शनर तिच्याच रांगेत उभे राहायचे. लग्नानंतर काही वर्षांनी इकडे आली तेव्हा पासपोर्टात शिक्का बसला: हाउसवाइफ, नोकरीची परवानगी नाही. "ताई, इथे मी मिसेस श्रीरंग आणि इराची मम्मा. माझ्या नावाने फक्त गॅस सिलिंडरवाला हाक मारतो, तीही चुकीची," असं ती मला फोनवर सांगायची आणि हसायची. ते हसणं मला आवडायचं नाही. मग कुणाच्या तरी ओळखीने तिला अल ऐनमध्ये राहणाऱ्या एक जपानी बाई भेटल्या. त्यांचे यजमान तिथल्या एका प्रकल्पावर इंजिनियर होते आणि त्या घरी फुलापक्ष्यांची चित्रं शिकवत. वसू चार वर्षं दर शनिवारी तिथे जात होती.

या विद्येत एक रीत आहे. शिष्य तयार झाला की गुरू त्याला चित्राखाली लिहायचं वेगळं नाव देतात. त्यातलं एक अक्षर गुरूच्या स्वतःच्या नावातलं असतं. नाव मिळालं की तुम्ही त्या घराण्याचे. आपल्याकडे गाण्यात गंडा बांधतात, तिथे नाव बांधतात म्हणा ना. वसूला ते नाव हवं होतं. कुणाची बायको म्हणून नाही, कुणाची आई म्हणून नाही, हाताने कमावलेलं. आणि मंदीने जपानी यजमानांचा प्रकल्प बंद पाडला होता. बाई कायमच्या निघाल्या होत्या. उरले होते दोन शनिवार.

अल ऐन, पहिला शनिवार

अल ऐनला आम्ही कासमभाईंच्या गाडीतून गेलो. कासमभाई दापोलीकडचे, वसूच्या खालच्या मजल्यावर राहतात. अल ऐनमधल्या हॉटेलांना मासळी पुरवतात आणि दर शनिवारी वसूला सोबत नेतात. मासळी मागे बर्फात, वसू पुढे ब्रशांची गुंडाळी मांडीवर घेऊन. "वहिनींची चित्रकला नि माझा पापलेट, दोन्ही ताजं पोचायला हवं," असं ते म्हणाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळू आधी पांढरट, मग पिवळी आणि पुढे चक्क विटेसारखी तांबडी होत जाते. तारेच्या कुंपणापलीकडे उंट उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शाळेतल्या आमच्या मुख्याध्यापकांचा भाव होता.

अल ऐन हे गाव मला मनापासून आवडलं. बुटकी घरं, चौकाचौकात हिरवळ, खजुरांच्या बागा आणि त्यांतून वाहणारे पाण्याचे पाट. पाट पाहिल्यावर मी गाडी थांबवायला लावून पाय बुडवून आले.

बाईंचं नाव श्रीमती हारादा. वसू त्यांना सेन्से म्हणते, म्हणजे गुरुजी. बाईमाणसाला नुसतं गुरुजी कसं म्हणायचं, म्हणून मी सेन्सेबाई म्हणू लागले आणि त्यांनी ते मान हलवून मंजूर केलं. वय साठीच्या पुढचं, बांधा चिमणीएवढा, आणि दरारा असा की मी सदतीस वर्षं शिक्षिका असूनही दारातच पाय जुळवून उभी राहिले. घरभर खोकी होती. फक्त एका खोलीत बुटकं टेबल, शाईचा दगड आणि ब्रश एवढंच अजून बांधायचं राहिलं होतं.

मी सांगलीचं भडंग नेलं होतं. सेन्सेबाईंनी ते बशीत काढलं आणि चॉपस्टिकने एकेक कुरमुरा उचलून खाल्ला. एकेक शेंगदाणासुद्धा. लसणाची पाकळी आली तेव्हा त्या थांबल्या, तिच्याकडे सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि मग खाल्ली. एवढ्या आदराने भडंग खाताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

वसूने आठवड्याभराचं काम पुढे ठेवलं. बर्फाळ फांदीवर बसलेली एक काळी साळुंकी, डोक्यावर छोटा तुरा. मला तर ती आता उडेल असं वाटलं. सेन्सेबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "पुन्हा." बस्स. चार वर्षं हेच चाललं आहे, असं वसू नंतर म्हणाली.

शेजारी सेन्सेबाईंचं मूळ चित्र ठेवलेलं होतं. वसूने त्याची हुबेहूब नक्कल करायची, पानाला पान, पिसाला पीस. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आमच्याकडे कॉपी केली तर पेपर काढून घेतात." सेन्सेबाई म्हणाल्या, "आमच्याकडे कॉपी केली नाही तर परत देतात." आणि त्यांनी एका खोक्याची चिकटपट्टी सोडून आतून जुने फोटो काढले. ते त्यांनी ओळीने मांडले. वसूची साळुंकी. तिच्याआधी सेन्सेबाईंची. तिच्याआधी त्यांच्या गुरूंची, मग गुरूंच्या गुरूंची. आणि सगळ्यांच्या मागे, रेशमावर काढलेलं काळपट पडलेलं एक चिनी चित्र. तीच फांदी, तोच पक्षी, तीच वळलेली मान.

"तर हे चिनी आहे?" मी विचारलं.

"सगळं चिनी आहे," सेन्सेबाई शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं ते असं. शेकडो वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू आणि व्यापारी चीनमधून अशी चित्रं घेऊन आले. जपानी चित्रकारांनी ती देवासारखी जपली आणि पिढ्यान्‌पिढ्या गिरवली. फार पुढे एक चिनी चित्रकार नागासाकी बंदरात येऊन थोडा काळ राहून गेला, तर त्याच्या बारीक, जिवंत कामाने सगळा जपान वेडावला. ही तुरेवाली साळुंकी तर मूळची चीनची. ती काढणाऱ्या कितीतरी जपान्यांनी तिला रानात कधी पाहिलंच नव्हतं. चित्रावरून चित्र, त्यावरून चित्र. "आणि मी अल ऐनला आले," त्या म्हणाल्या, "पहिल्या सकाळी बाहेर पाहिलं, तर तिची चुलत बहीण माझ्या कचऱ्याच्या डब्यावर बसली होती. डोक्यावर तुरा नाही. पण तीच मान. मी नवऱ्याला झोपेतून उठवलं."

बाहेर हिरवळीवर खरंच दोन साळुंक्या चालत होत्या, कमरेवर हात ठेवल्यासारख्या. त्याही इथल्या नव्हेत म्हणे. पिंजऱ्यातून सुटल्या आणि राहिल्या.

मी शिक्षिका असल्याने शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय उठत नाही. म्हटलं, "मग यात जपानी काय?" सेन्सेबाईंनी चिनी चित्राचा फोटो पुढे ओढला. त्यात खडक होता, मोठमोठी फुलं होती, खाली आणखी पक्ष्यांची जोडी होती. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि खडक झाकला. दुसरा घेतला आणि फुलं, जोडी झाकली. उरली एक फांदी आणि एक साळुंकी, बाकी सगळं पांढरं. "हे," त्या म्हणाल्या. चिनी चित्रातले पक्षी शुभेच्छा घेऊन येतात, दीर्घायुष्य, भरभराट, सुखी संसार. जपानमध्ये आल्यावर ते जास्त करून ऋतू सांगू लागले. "इथे ऋतू एकच," त्यांनी तक्रार केली, "म्हणून फार कठीण."

मग त्यांनी माझ्याही हातात ब्रश दिला. मी काढलेली साळुंकी पाहून वसू टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. सेन्सेबाईंनी मात्र गंभीरपणे विचारलं, "हे फळ कोणतं?" मी म्हटलं, वांगं. त्या म्हणाल्या, "वांगं म्हणून चांगलं आहे."

निघताना त्यांनी वसूला सांगितलं, "पुढच्या शनिवारी शेवटचं चित्र आण. मग पाहू." आणि दोन वस्तू दिल्या: एक बरणी आणि एक ताकीद. बरणीतलं संपलं तर दुसरं नाही, चित्रकलेचं बाकी सगळं सामान आधीच बोटीने गेलं.

बरणीतली खळ

त्या बरणीचं शास्त्र मला वसूने गाडीत सांगितलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण गाडीत मी झोपले.

शास्त्र असं. साधा चिनी कागद टीपकागदासारखा असतो. शाईचा थेंब टेकवला की पसरतो. चिनी उस्तादांना त्याचीच मजा वाटते, ते एका फटकाऱ्यात पक्षी काढून मोकळे होतात. पण सेन्सेबाईंच्या घराण्यात आधी केसासारखी रेघ आणि मग तिच्या आत रंगाचे थरावर थर. त्याला न पसरणारा कागद लागतो. म्हणून कागदावर आधी सरस आणि तुरटी पाण्यात कढवून त्याचा हात फिरवतात. बरणीत तेच होतं. वसूने ते खराब होऊ नये म्हणून स्टीलच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवलं. थंडीने ते थिजलं आणि पांढुरकं, थलथलीत झालं.

मंगळवारी वसू इराच्या शाळेत पालकसभेला गेली होती. मी घरी एकटी. शनिवारसाठी माझी पांढरी-निळी सुती साडी धुतली आणि फ्रिज उघडला, तर समोर स्टीलच्या डब्यात खळ. मला भरून आलं. आमची आई साडीची खळ अशीच डब्यात करून ठेवायची, आणि परदेशात राहूनसुद्धा वसूने ती सवय सोडली नाही, असं मला वाटलं. मी ती कढत पाण्यात सारखी केली, साडी बुचकळली, पिळली, आणि गॅलरीत चारी टोकं ओढून वाळत घातली. अशी खळ मी जन्मात पाहिली नव्हती. साडी वाळली ती पत्र्यासारखी. बोटाने टिचकी मारली की वाजायची.

वसू आली, फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग गॅलरीकडे पाहिलं. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती नुसती ओट्याला टेकून खाली बसली.

"ताई, ती खळ नव्हती."

"मग काय होतं?"

"सरस. कातडं उकळून केलेला."

त्या दिवशी माझा मंगळवारचा उपवास होता. उपवासात साडी धरतात की नाही, हे कुठल्या पोथीत सापडेल, असा विचार माझ्या मनात आला आणि त्याच क्षणी वसूच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी तो गिळून टाकला. इरा दारातून म्हणाली, "मावशी, दॅट साडी कॅन स्टँड बाय इटसेल्फ." ते खरंच होतं. ती कोपऱ्यात उभी होती. वसूने पाहिलं आणि रडता रडता तिला हसू फुटलं. मग मलाही. आम्ही दोघी ओट्याखाली बसून हसलो, इतक्या की इराने बाबांना फोन लावला.

हसून झाल्यावर वसू म्हणाली, "पण आता माझं नाव गेलं."

ड्रॅगन मार्ट

वसूच्या घरामागेच ड्रॅगन मार्ट नावाचा चिनी बाजार आहे, लांबच लांब, ड्रॅगनच्या आकाराचा. शेपटीकडून आत शिरलं की फरशा, मग नळ, मग झुंबरं, मग प्लास्टिकची झाडं. निम्म्या दुकानांना सेल लागला होता आणि उरलेल्यांना कुलूप. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो, सरस किंवा तयार कागद मिळतो का बघायला. वसू प्रत्येक दुकानात बोटांनी कागदावर हात फिरवल्यासारखं करून दाखवायची आणि दुकानदार तिला वॉलपेपर दाखवायचे.

शेवटी लिली नावाच्या बाईंच्या दुकानात पोचलो. हे त्यांचं इथलं नाव, खरं आम्हाला म्हणता आलं नसतं. दुकान झुंबरांचं, पण मागच्या भिंतीला चिनी सुलेखनाच्या कागदाचे गठ्ठे होते. लिलीबाई इंग्रजी, हिंदी आणि अरबी एकाच वाक्यात बोलत. "पेपर है, हबीबती, हंड्रेड पीस. ग्लू? ग्लू खलास." कागद कोरा होता, म्हणजे पसरणारा. वसूने त्यावर थुंकी लावून पाहिली आणि मान हलवली.

"क्या बनाना है?" लिलीबाईंनी विचारलं. वसूने मोबाइलमधला सेन्सेबाईंच्या चित्राचा फोटो दाखवला. लिलीबाई आत गेल्या आणि एक गुंडाळी घेऊन आल्या. ती त्यांनी झर्रकन उलगडली.

तीच फांदी. तीच साळुंकी. तीच वळलेली मान. आणि खाली खडक, फुलं, पक्ष्यांची जोडी, सगळं.

"हँडमेड," लिलीबाई म्हणाल्या. "रेडीमेड. फोर्टी पीस स्टॉक. तू क्यों मेहनत करती? हंड्रेड ट्वेंटी दिरहम, लास्ट प्राइस."

"एकशे वीस, म्हणजे सोळाशे रुपये," मी सवयीने मोठ्यांदा म्हटलं, आणि वसूकडे पाहिलं तर तिचा चेहरा उतरला होता. चार वर्षं तिने जो पक्षी गिरवला, तो इथे झुंबरांच्या मागे ठोक भावात पडला होता. लिलीबाईंच्या गावाकडे कुठल्याशा कारखान्यात मुली ओळीने बसून ती चित्रं काढतात म्हणे, एकीने फांद्या, एकीने पिसं, एकीने डोळे.

"ताई, माझ्याआधी हे किती जणांनी काढलंय," वसू हळूच म्हणाली.

"अगं, मग पुरणपोळी काय तू शोधून काढलीस?" मी म्हटलं. "लाख बायकांनी केलीय तुझ्याआधी. तरी आईची ती आईची, आणि तुझी ती जाड."

लिलीबाईंना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी माझ्या बाजूने मान हलवली. वसूने तयार चित्र परत गुंडाळून दिलं आणि कोरा कागद घेतला. लिलीबाईंनी एक झुंबरही घ्या म्हणून फार आग्रह केला.

आता सरसाचं काय करायचं? तो आता माझा प्रश्न होता. मोरोक्कोतल्या किराणा दुकानातून फिटकरी म्हणजे आपली तुरटी आणली आणि साबुदाण्याची पातळ खळ शिजवली. शाकाहारी सरस म्हणा. तुरटी घालून कागदावर दोन हात फिरवले. कागद वाळला तो पापडासारखा, कडेला फुगलेला. शुक्रवारी दिवसभर वसूने त्यावर काम केलं. जिथे साबुदाणा नीट बसला होता तिथे रेघ केसासारखी आली. जिथे बसला नव्हता तिथे शाई पसरली. नेमकं पोटाशी बसला नव्हता. संध्याकाळपर्यंत साळुंकी दिवस गेल्यासारखी दिसू लागली. दुसरा कागद घेतला, तिचं डोकं फुगलं. तिसऱ्याची चोच पसरली. वसूने शेवटी पहिलाच निवडला. "आई होणारी साळुंकी निदान समजण्यासारखी आहे," ती म्हणाली. पण आवाजात गंमत नव्हती.

अल ऐन, शेवटचा शनिवार

मी तीच साडी नेसले. दुसरी चांगली नव्हती, आणि वाळल्यावर तिला काही वास येत नव्हता. गाडीत बसल्यावर, ऊन चढल्यावर आला. कासमभाई आधी नाक चोळत राहिले. मग म्हणाले, "ताई, राग मानू नका, मागे बर्फ वितळला की काय बघतो." गाडी थांबवून पेट्या तपासल्या, मासळी ताजी होती. मग ते माझ्याकडे न बघता बसले आणि चारही काचा खाली केल्या. मासळीच्या धंद्यातला माणूस. याहून मोठी मानहानी माझी झालेली नाही.

घर आता रिकामं झालं होतं. टेबलही गेलं होतं. खोक्यावर चादर टाकून सेन्सेबाई बसल्या होत्या. संध्याकाळचं विमान होतं. वसूने सरसाची हकीकत सांगितली, सगळी, मान खाली घालून. सेन्सेबाई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझा पदर दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. मग वसूच्या शाईत ब्रशाचं टोक बुडवून, मला न विचारता, पदराच्या काठावर एक टिंब दिलं. टिंब होतं तिथेच राहिलं, तसूभर पसरलं नाही.

"फार समान हात फिरलाय," त्या मला म्हणाल्या. "माझ्या शिष्येला एवढं जमत नाही." आणि त्या हसल्या. वसू म्हणते, चार वर्षांत पहिल्यांदा.

मग त्यांनी चित्र उघडलं. बराच वेळ पाहिलं. मी पदराच्या टोकाशी चाळा करत होते.

"हे चित्र वाईट आहे," सेन्सेबाई म्हणाल्या.

"हो," वसू म्हणाली.

"फार वाईट आहे. पोट वाईट. कागद वाईट." त्यांनी ते बाजूला ठेवलं, पर्समधून रेशमी कापडाचा छोटा डबा काढला आणि दोन्ही हातांनी वसूपुढे धरला. आत दगडाचा शिक्का होता, आणि लाल गंधासारख्या शाईची चिमुकली डबी. शिक्क्यावर दोन अक्षरं कोरलेली. पहिलं सेन्सेबाईंच्या नावातलं. दुसऱ्याचा अर्थ भूमी, कारण वसूने कधीतरी त्यांना वसुधा म्हणजे पृथ्वी असं सांगितलं होतं.

वसूला काही कळेना. "पण चित्र वाईट आहे."

"नाव या चित्राचं नाही. नाव दोन वर्षांपूर्वी तयार झालं. तेव्हाच कोरून आणलं."

"मग दोन वर्षं मला पुन्हा, पुन्हा का म्हणालात?"

सेन्सेबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचं इंग्रजी तसंही कमी, आता ते फारच तुटक झालं. "नाव दिलं की शिष्य पूर्ण होतो. पूर्ण झाला की जातो. या गावात मला कुणी नव्हतं. मला शनिवार हवे होते."

या कडक बाईने रविवार ते शुक्रवार काय केलं असेल, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. वसू मराठीत म्हणाली, "अहो, मी आले असते की." तिला ते इंग्रजीत सांगायचं भानच राहिलं नाही. सेन्सेबाईंना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला. जपानी माणसं असं करत नाहीत, असं वसूने मला नंतर तीनदा सांगितलं.

मग वसूने शिक्का लाल शाईत टेकवला आणि चित्राकडे नेला, तर सेन्सेबाईंनी तिचं मनगट पकडलं. "यावर नाही. मी सांगितलं, हे वाईट आहे. पहिला ठसा चांगल्या चित्रावर. ते मला पाठव."

बाहेर कासमभाईंनी हॉर्न दिला. निरोप मोठा झाला नाही. सेन्सेबाई दारात वाकल्या, आम्ही नमस्कार केला, मी उरलेलं भडंग त्यांच्या पर्समध्ये कोंबलं.

परतीच्या रस्त्यावर वाळू तांबडीची पिवळी झाली, पिवळीची पांढरी. वसूने डबा उघडला. शिक्क्यावर शाई अजून ओली होती. तिने डाव्या हाताने तो धरून आपल्या उजव्या तळहातावर घट्ट दाबला. लाल चौकोन उमटला आणि त्यात दोन अक्षरं. ती हात उघडा ठेवून बसली, वाऱ्याला धरून. कासमभाई म्हणाले, "वहिनी, मेंदी काय?" ती म्हणाली, "तसंच काहीसं."

त्या नावाचा उच्चार मी इथे लिहिणार नाही. वसूने बजावलं आहे, की तो चांगल्या चित्राखालीच पहिल्यांदा लिहिला जाईल, आणि चांगलं चित्र अजून व्हायचं आहे. मी गुपचूप पाहिलं, रोज सकाळी इरा शाळेत गेली की ती कागद पसरते.

त्या शनिवारी घरी आल्यावर मी वरणभात लावला. पानं वाढली. इराने आईकडे पाहिलं आणि विचारलं, "मम्मा, व्हाय आर यू ईटिंग विथ अ स्पून?"

वसूने चमचा डाव्या हातात धरला होता. उजवा हात मांडीवर, उताणा. "आज मला हा हात धुवायचा नाहीये," ती म्हणाली.